राजहंसगडाच्या चढावर गेलेली पोटरी

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे जाणाऱ्या चढावर बंद पडलेली स्कूटर ढकलत असताना उजव्या पोटरीवर कुणीतरी मागून दगड मारल्यासारखे वाटले. वळून पाहिले तर रस्त्यावर कुणीच नव्हते. गुडघा ताठ, टाच खाली आणि सारा भार चवड्यावर असताना अचानक जोर लावला की पोटरीचा वरचा स्नायू बहुधा आतल्या बाजूने फाटतो, आणि हे चाळिशी उलटलेल्यांत विशेष आढळते, हे मला नंतर कळले.

घरी काकूंनी मायेने कोमट तेल चोळले, वर विटेचा शेकही दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी घोट्याभोवती काळेनिळे झाले होते. दुखणे वर आणि डाग खाली, कारण तुटलेल्या तंतूंतून झिरपलेले रक्त खाली उतरते, आणि सुरुवातीला चोळल्याने व शेकल्याने ते वाढू शकते. पहिले 2-3 दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटे, क्रेप बँडेज आणि उशीवर उंच ठेवलेला पाय एवढेच पुरेसे होते.

टिळकवाडीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला पालथे झोपवले, पावले पलंगाबाहेर ठेवली आणि पोटरी दाबून पाहिली. दाबताच पाऊल आपसूक हलले, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर शाबूत होती. ‘मीनखंड अष्टे,’ त्या म्हणाल्या, म्हणजे ‘फक्त पोटरी’. कन्नडमध्ये पोटरीला मीनखंड म्हणतात. माशासारखा तो फुगीर आकार पाहता हा शब्द मला आपल्या पोटरीपेक्षा नेमका वाटतो. मात्र काही इजा झालेली नसताना एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा मालीश न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि धाप लागली तर तातडीने दवाखाना गाठावा.

खरी कसोटी दुसऱ्या आठवड्यात लागली, कारण दुखणे थांबले होते आणि स्नायू मात्र अजून कच्चाच होता. खडेबाजारात बस गाठायला चार पावले पळालो आणि पुन्हा पहिल्या दिवसावर आलो. त्यानंतर मुकाट्याने भिंतीला धरून टाचा उचलण्याचा व्यायाम सुरू केला: आधी दोन्ही पायांवर, मग एकाच पायावर, वर जाताना सहज आणि खाली येताना अगदी सावकाश. गुडघा ताठ ठेवून केल्यावर तोच व्यायाम गुडघा किंचित वाकवूनही करावा लागतो, कारण आतला खोल स्नायू तेव्हाच खऱ्या अर्थाने कामाला लागतो.

दुखऱ्या पायाने चांगल्या पायाइतक्या उचली काढेपर्यंत पळायचे नाही, अशी बाईंची अट आहे. आज डावा पाय 25 वर थांबला, उजवा 19 वर.