चार पंचे बारा

सहावीचा वाचनतास माझ्याकडे असतो. लुईस कॅरलची ‘ॲलिस’ वाचून दाखवायची, हे बरेच दिवस मनात होतं, पण धाकधूकही होती. ससा, मांजर, पत्त्यांची राणी, सगळं मुलांनी मोबाइलवर आधीच पाहिलेलं. पहिल्याच पानाला “बाई, हे बघितलंय” आलं. घड्याळ बघत पळणारा ससा झाला, बिळातून खाली खाली पडणारी मुलगी झाली, कुणी हललं नाही. केक खाऊन ती नऊ फुटांच्या वर जाते, तिथे थोडी खसखस पिकली, एवढंच.

वर्ग जागा झाला दुसऱ्या प्रकरणात. आपण खरंच आपणच आहोत ना, की बदललो, हे तपासायला ॲलिस शाळेत शिकलेलं आठवून बघते. मी मराठीतूनच सांगत होते : चार पंचे बारा, चार सक तेरा, चार साते... आणि ती वैतागते, अशानं मी विसापर्यंत कधी पोचायचीच नाही!

हशा पिकला. पाढा चुकणारी नायिका त्यांनी मोबाइलवर पाहिली नव्हती. मागच्या बाकावरून कुणीतरी सूर लावला, “चार साते चौदा”, आणि सगळा वर्ग त्याच्यामागून. चार आठे पंधरा, चार नवे सोळा, चार दाहे सतरा. पाढा संपला.

“संपला की! खरंच पोचत नाही ती,” एकजण म्हणाला. पण पहिल्या रांगेतली एक मुलगी, जी कुठलीच गोष्ट सुखासुखी पुढे जाऊ देत नाही, तिला हे पटेना. “सतरालाच संपतंय, तर अठराला पोचणार नाही म्हणायचं. वीस कुठनं काढलं?”

मी म्हटलं, इंग्लंडमधली मुलं पाढे दहापर्यंत नाही, बारापर्यंत म्हणायची. तिनं बोटांवर मोजलं. “अकरे अठरा, बारे एकोणीस. बाई, एकानं हुकलं!”

मग लेखकाबद्दल सांगणं सोपं झालं. खरं नाव चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवायचा. ४ जुलै १८६२ला थेम्स नदीतून नावेनं जाताना सोबतच्या तीन बहिणींना त्यानं ही गोष्ट रचून सांगितली. मधली ॲलिस तेव्हा दहा वर्षांची, म्हणजे यांच्याहून थोडी लहान. तिनं हट्ट धरला म्हणून त्यानं ती लिहून काढली आणि १८६५ साली पुस्तक निघालं. “गणिताचे सर?” हा प्रश्न मात्र तीन-चारदा आला. आमच्या शाळेत गणिताचे सर गोष्टी सांगत नाहीत.

तेच सर गोंगाट ऐकून दारात आले होते. मधल्या सुट्टीत त्यांनी मला फळ्यावर दाखवलं की हा पाढा चुकीचा नाहीच. दहाऐवजी अठराच्या गटानं मोजलं तर वीस म्हणजे एक अठरा आणि वर दोन, म्हणून ‘१२’. चोवीस एकवीसच्या गटात ‘१३’, अठ्ठावीस चोवीसच्या गटात ‘१४’. दर पायरीला गट तीननं वाढवत गेलं की बाराव्या पायरीला ‘१९’ येतात. तेराव्या पायरीला बावन्न, गट बेचाळीसचा, वर उरतात दहा; ते एका अंकात लिहिताच येत नाहीत आणि ‘२०’ काही उमटत नाही. डॉजसनच्या मनात हेच होतं की नाही, यावर जाणकारांचं एकमत नाही. सर मात्र खडू ठेवायला तयार नव्हते.

ॲलिस त्याच पानावर एक कविताही चुकते. कामसू मधमाशीची बोधपर कविता तेव्हा मुलांकडून पाठ करून घेत. तिच्या तोंडून निघते शेपटी चमकवणारी, हसत हसत मासे गिळणारी मगर. हे मी सांगेपर्यंत दोघांनी पाठ्यपुस्तकातल्या एका कवितेचं असंच काहीतरी करून ठेवलं होतं. ते इथे छापण्याजोगं नाही, पण यमकं पक्की होती.

ग्रंथालयात प्रत एकच. ती कुणी न्यायची यावर भांडण झालं आणि चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी चौथीच्या बाई मला शोधत आल्या. कुणाच्या तरी धाकट्या भावानं वर्गात खणखणीत आवाजात ‘चार पंचे बारा’ म्हटलं होतं आणि ग्रंथालयाच्या बाईंनी शिकवलंय, असंही वर सांगितलं होतं.