पार्टनरला एवढे पैसे का मोजले?

शिरोलीत चहाच्या गाड्यावर, लग्नात, परवा तर मयतीलाही तेच: "कारखान्याच्या शेडचा ताबा तुमच्याकडे होता. बाहेर पडणाऱ्या पार्टनरला कोर्टात खेचायचं, दमला असता तो. एवढी रक्कम का मोजलीत?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

ताबा माझा, मालकी फर्मची. एमआयडीसीचा 95 वर्षांचा भाडेपट्टा फर्मच्या नावावर, व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनी, फर्मच्या, बँकेच्या सीसी कर्जाला जामीन दोघं. दमवायचं म्हणणाऱ्यांनी 1932च्या भागीदारी कायद्याचं कलम 37 वाचावं. बाहेर पडलेल्याचा हिशेब न मिटवता त्याच्या पैशावर धंदा चालू ठेवला, तर त्याला नफ्यातला वाटा किंवा सहा टक्के व्याज, हवं ते मागता येतं. तारखा पडणार कोर्टात, मीटर पळणार माझं. त्यात डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारात, मुदत नव्हती. त्याने नुसती नोटीस दिली असती तरी फर्म विसर्जित.

गुडविलवर, म्हणजे धंद्याच्या नावाच्या किमतीवर, घासाघीस झाली, पण मिटली. अडलं लेथवर. त्याच्या वडिलांचा जुना किर्लोस्कर, सुरुवातीला त्याने भांडवल म्हणून आणलेला. दरसाल 15 टक्के घसारा जाऊन पुस्तकात किंमत मोबाइलपेक्षा कमी. तो म्हणाला, "लेथ मी नेणार." सीए म्हणाले, "भांडवलात धरलाय, म्हणजे फर्मचा. कलम 14." मी लगेच म्हणालो, "आणि फर्म मी चालवणार." तो यादीतल्या त्या ओळीवर नख ओढत बसला, कागद फाटेपर्यंत. मग म्हणाला, "दादा, बाकी काय लिहायचं ते लिही. लेथच्या बेडवर बाबांचं नाव कोरलंय. भंगारात घालू नकोस."

मला राग आला. मी भंगारात घालणार हे याने धरलंच कसं? भाव विचारला होता मी, तेवढंच. त्याच्यापर्यंत ते कुणी पोचवलं, अजून कळलेलं नाही.

आकडा वाढवला तो त्यानंतर. भावनेच्या भरात नव्हे. मला सही हवी होती. लेथ दिला असता तर स्वस्तात सुटला असता, असं बायको म्हणते. तेव्हा मी म्हणायचो, आज लेथ दिला तर उद्या व्हीएमसी मागेल. अजूनही तसंच वाटतं. मात्र व्हीएमसी त्याने कधी मागितली नाही, हेही खरं. लेथ माझ्याकडेच आहे, चालवत नाही.

पुढे रजिस्ट्रारकडे बदल, राजपत्रात आणि मराठी पेपरात नोटीस, सगळं रीतसर. बँकेने त्याचा जामीन सोडायला माझ्या मेहुण्याची सही घेतली. मेहुणा तेव्हापासून घरी जेवायला येत नाही. त्याबद्दल कुणी विचारत नाही.