चक्कर, युरिक ॲसिड आणि कानातले खडे

पहाटे उजव्या कुशीवर वळलो आणि अख्खी खोली गरगरायला लागली. अर्ध्या मिनिटात थांबली. उठून बसलो, की पुन्हा तेच, वर उलटी. बायकोला अर्धांगवायूची भीती. पण बोलणं, नजर, हातपाय शाबूत होते. यातलं काही बिघडलं असतं, तर मात्र तडक दवाखाना गाठायला हवा होता.

सांगलीत घराजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर बरी, युरिक ॲसिड मात्र जास्त, 8.3. त्यानंच माझा पायाचा अंगठा यापूर्वी दोनदा सुजला होता, त्यामुळे घरात सगळ्यांनी तेच धरलं: युरिक ॲसिडचे खडे कानात गेले. मटण बंद, तूरडाळसुद्धा बंद. चक्करेच्या गोळ्यांनी नुसती गुंगी यायची. आठवडाभर मी भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या झोपलो.

शेवटी मिरजेला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझी मान उजवीकडे वळवून मला झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. "काका, डोळे मिटू नका." खोली फिरली. डोळे कसे थरथरतात ते बघून त्या म्हणाल्या, उजव्या कानातले खडे निसटलेत.

हे खडे सगळ्यांच्याच कानात असतात, तोल सांभाळायला, आणि ते कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले, की डोकं हलताच आतलं पाणी ढवळतं आणि चक्कर येते. अंगठ्यातले खडे युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे. वस्तूच वेगळी. मी तरी विचारलंच, मग दोन्हींचा काहीच संबंध नाही? बाईंनी प्रश्न उडवून लावला नाही, याचं मला फार बरं वाटलं. काही अभ्यासांत अशा रुग्णांचं युरिक ॲसिड जास्त निघालं, काहींत उलट कमी. त्यामुळे त्याला कारण म्हणता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यापेक्षा ड जीवनसत्त्व तपासा म्हणाल्या. ते 11 निघालं, बरंच कमी. कमी असलेल्यांना ते दिल्यावर ही चक्कर पुन्हा येण्याचं प्रमाण घटल्याचं 2020 साली कोरियातल्या एका मोठ्या चाचणीत दिसलंय.

मग खडे नळीतून बाहेर काढायची एपली पद्धत. डोकं तसंच लटकतं ठेवून हळूहळू डावीकडे, मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, आणि शेवटी उठून बसायचं. प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट थांबायचं. पाच मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्यांदा केल्यावर खोली फिरलीच नाही.

याला चार महिने झाले. युरिक ॲसिड अजून 7.6 आहे, अंगठ्यासाठी गोळी चालू आहे. झोपतो मात्र उजव्या कुशीवर.