जाळी उघडी पडली तर

अंग बाहेर येण्याच्या (गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकण्याच्या) ऑपरेशनात आधारासाठी योनीमार्गातून बसवलेली पॉलिप्रॉपिलीनची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) जाळी काही वर्षांनीही उघडी पडू शकते. आतली त्वचा विरते, धागा बोटाला खरखरीत लागतो. रक्ताळ पाणी जातं, संबंधावेळी नवऱ्यालाही टोचतं. सांगलीकडं बायका 'अंगावरून जातंय' म्हणून दिवस ढकलतात, घोळ तिथंच होतो. उघडा भाग १ सेंटिमीटरहून लहान असेल तर बहुधा आधी इस्ट्रोजेन (बायकांच्या हार्मोनचं) क्रीम आत लावून ६ ते १२ आठवडे वाट बघतात. (स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर ते आधी सांगायचं.) नाहीच भरलं तर तेवढी जाळी कापून त्वचा शिवतात. पूर्ण जाळी काढणं मात्र अवघड. मांस तिच्यात रुजलेलं असतं, मूत्राशयाला इजा होऊ शकते. लघवीतून रक्त येत असेल तर दुर्बिणीनं तपासणी हवीच. मिरजेला दाखवायला जाताना जुनी ऑपरेशन नोट पिशवीत असू द्या.