दुमडीत गेलेली ओळ

मंगळवार, रात्री

आठ महिने हाच ब्रेड खातेय, तरी दर वेळी पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय घेत नाही. सस्तन प्राण्यांच्या चरबीची मला अ‍ॅलर्जी आहे. आज वेष्टनाचा रंग जरा वेगळा दिसला. पीठ, पाणी, यीस्ट, मीठ, वनस्पती तेल... आणि पुढे, दुमडीत अर्धी गेलेली एक ओळ. प्लास्टिक बोटाने ताणून धरलं. इमल्सिफायर, ४७१. घरी येऊन खणातलं जुनं वेष्टन काढून शेजारी ठेवलं. त्यावर ही ओळ नाही.

४७१ म्हणजे मोनो आणि डायग्लिसराइड्स. ब्रेड मऊ राहावा म्हणून घालतात. सोयाबीन किंवा पाम तेलापासून बनतात, तशीच गाईच्या किंवा डुकराच्या चरबीपासूनही. आकडा मात्र एकच. ४८१ या दुसऱ्या इमल्सिफायरचंही तसंच. कणीक सैल करणारं ९२०, म्हणजे एल-सिस्टीन, पक्ष्यांच्या पिसांपासून काढतात, डुकराच्या केसांपासून काढतात, आता आंबवूनही करतात. पाकिटावरून यातलं काहीच कळत नाही.

डॉक्टरांनी त्या दिवशी आधी विचारलं होतं, ‘गोचीड चावली होती का?’ मला वाटलं, जेवणाबद्दल विचारतील. अल्फा-गॅल ही साखर माणूस, वानरं आणि काही माकडं सोडली तर जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांत असते. गोचीड चावली की काहींचं शरीर या साखरेवरच उलटतं. माझंही तसंच झालं.

आणि त्रास लगेच होत नाही, हे सगळ्यात कठीण. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असली की बहुतेकदा काही मिनिटांत कळतं. इथे दोन ते सहा तास काहीच होत नाही. त्या रात्री नऊला जेवले, छान झोपले. दोनला तळहात खाजायला लागले. दिवा लावला तर अंगभर गांधी, ओठ जड, आणि बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरावी लागली. हे तिसऱ्यांदा झालं तेव्हा कुठे जेवणाशी संबंध लागला. म्हणून घासभर खाऊन बघू, हा मार्ग माझ्यासाठी उरलेलाच नाही. वाचणं एवढंच हातात आहे.

म्हणूनच मला याचा राग येतो. अनेक देशांत अ‍ॅलर्जीच्या सक्तीच्या यादीत दूध आहे, सस्तन प्राण्यांची चरबी नाही. नुसतं ‘शाकाहारी’ लिहिलेलं मला पुरत नाही, कारण त्यात लोणी, व्हे, केसीन असं दुधातलं चालतं आणि मला दूधही बाधतं. (सगळ्यांना बाधत नाही. ४७१ सुद्धा सगळ्यांना बाधतं असं नाही. ज्याचं त्याने डॉक्टरांशी बोलून ठरवावं.) ‘व्हीगन’ लिहिलेलं दिसलं की खांदे जरा सैल होतात, पण वाचते तेही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका ब्रेडबद्दल विचारलं होतं. उत्तर आलं, ‘पुरवठ्यानुसार मूळ बदलू शकतं.’ सरळ उत्तर होतं, आवडलं. तो ब्रेड यादीतून खोडला. आज या कंपनीला लिहिलं: तुमचं ४७१ वनस्पतीचं की प्राण्याचं, आणि ते नेहमी तेच असतं का? दुसरा प्रश्न आता विसरत नाही.

लेकीने विचारलं, ‘आई, उघडू का?’ म्हटलं, तुझ्यासाठी उघड, सुरी मात्र वेगळी घे. आता स्वयंपाकघरातून भाजलेल्या कडांचा वास येतोय. मेल पुन्हा एकदा उघडून पाहिली. उत्तर नाही.