मोठ्या तोंडी लहान घास

‘दात आहेत तर चणे नाहीत’ अशी तक्रार व्हेल शार्कला करायला जागाच नाही. जबड्यात काही हजार दात, समोर खाणंही मुबलक. पण चावायचं नाव नाही. जगातला हा सर्वांत मोठा मासा, 18 मीटरपर्यंत वाढणारा, आणि जेवतो काय? प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माशांची अंडी, बारीक मासळी आणि जवळा. हो, आपण कांदा-कोकम घालून परततो त्याच जातकुळीतला.

तोंड उघडायचं, पाणी आत घ्यायचं आणि कल्ल्यांतून सोडून द्यायचं, एवढंच काम. मधल्या गाळण्या मात्र बघण्यासारख्या. चहाच्या गाळणीत चोथा साचतो, तसं इथे होत नाही. पाणी गाळणीच्या कडेकडेने वाहतं आणि खाणं घशाकडे सरकत राहतं. तरी काही अडकलंच तर महाशय चक्क खोकतात आणि गाळण्या मोकळ्या करतात. खाणं दाट असेल तर पोहायचेही कष्ट नाहीत. शेपूट खाली, तोंड वर करून पाण्यात उभं राहायचं आणि घटाघट ओढायचं.

मला नवल वाटतं ते त्याच्या वेळ साधण्याचं. ऑस्ट्रेलियातल्या निंगालूला मार्च-एप्रिलच्या पौर्णिमेनंतर आठवड्याभराने प्रवाळ अंडी सोडतात. त्याच सुमारास हे पाहुणे हजर. मेक्सिकोच्या युकातानजवळ टुनाच्या जातीतल्या माशांची अंडी खायला 2009 मध्ये 400च्या वर जमले होते. निंगालूच्याच माशांवरच्या अभ्यासातून 2022 मध्ये कळलं की ते समुद्रशैवालही पचवतात. शाकाहारी मंडळींनी लगेच आपल्या पंगतीला ओढू नये!

फिलिपिन्समधल्या ओस्लोबला होडीवाले त्याला हाताने जवळा भरवतात, पर्यटकांसाठी. आयतं मिळतंय म्हटल्यावर काही मासे तिथेच रेंगाळतात. समुद्र पालथा घालणाऱ्याला असं दारात बसवून ठेवणं मला तरी पटत नाही.

आपल्या किनाऱ्यावरही तो येतो आणि कधीकधी जाळ्यात सापडतो. 2001पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. जाळं कापून त्याला सोडलं तर महाराष्ट्रात मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पण जाळं शिवून होईपर्यंत होडी किनाऱ्यालाच, आणि हंगाम काही थांबत नाही.