लोकवर्गणीआधी माणसं मोजा

आजचा अख्खा दिवस जळगावात मानसशास्त्राच्या एका प्रयोगाचं लोकवर्गणीचं बजेट बसवण्यात गेला. विषय आपल्या खान्देशाचाच: मे महिन्याच्या उकाड्यात माणसाचं लक्ष किती टिकतं.

पहिला आकडा पैशांचा नाही, माणसांचा. गार खोलीतला आणि गरम खोलीतला असे दोन वेगळे गट, मध्यम परिणाम (डी ०.५, म्हणजे गटांच्या सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा), ८० टक्के पॉवर (असा परिणाम खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता), ५ टक्के पातळी (परिणाम नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) धरली तर गटाला ६४, म्हणजे १२८ जण लागतात. गळती धरून १५०. प्रत्येकी २०० रुपये मानधन, झाले ३०,०००. तीच माणसं गार आणि गरम अशा दोन्ही खोल्यांत बसवली तर साधारण ३४ पुरतात. मात्र निम्म्यांचा क्रम उलटा ठेवा, नाहीतर सरावाने वाढलेला वेग गारव्याच्या खात्यात जमा होतो.

प्रयोग संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर सायकोपाय फुकट आहे. कीबोर्ड वायरचाच घ्या, ब्लूटूथचा उशीर कमीजास्त होतो. पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलणारा असेल तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची; चित्र पूर्ण फ्रेमांपुरतंच दिसतं, म्हणून २० मिलिसेकंदांचं चित्र त्यावर दाखवताच येत नाही.

प्लॅटफॉर्म आणि पेमेंटची कपात ८ टक्के धरली, तर समजा, हातात ४६,००० यायला ५०,००० मागावे लागतात. हे बहुतेक जण विसरतात! नैतिक समितीची मंजुरी आवाहनाआधीच घ्या. गृहीतक आणि विश्लेषणाची पद्धतही आधीच ओएसएफवर (संशोधनाचे आराखडे नोंदवायच्या संकेतस्थळावर) नोंदवा. देणगीवर करसवलत देणाऱ्या पावतीचं आश्वासन संस्थेकडे तशी नोंदणी असेल तरच द्या.

आणि यूपीएस बजेटात टाकाच. वीज गेली की सेशन बाद, मानधन मात्र द्यावंच लागतं.